पाच मिनिटांच्या अंधारासाठी

खग्रास सूर्यग्रहण बघण्यासाठी पिएर जान्सेन भारतात आले, वेढा पडलेल्या पॅरिसमधून बलूनने निसटले आणि ८१ व्या वर्षीही सामान बांधून स्पेनला पोहोचले. एका ग्रहणवेड्या शास्त्रज्ञाची ही गोष्ट.

समजा, तुम्ही सहा महिने पॉकेटमनी साठवलाय. मोठ्या मुश्किलीने मॅचचं तिकीट मिळवलंय. रात्रभर रेल्वेच्या जनरल डब्यात उभं राहून प्रवास केलाय. तुम्ही स्टेडियममध्ये शिरता आणि पाऊस सुरू होतो. एकही बॉल न पडता मॅच रद्द! काय होईल तुमचं? पुढचा आठवडाभर तरी कुणी तुमच्याशी बोलायला धजणार नाही.

आता हे ऐका. १८७० चा डिसेंबर महिना. पॅरिसला प्रशियाच्या फौजांनी वेढा घातलेला. रस्ते बंद, रेल्वे बंद, शहरात अन्नाची टंचाई. अशा शहरातून ४६ वर्षांचा एक गृहस्थ पहाटेच्या अंधारात गॅसच्या बलूनमध्ये बसून उडाला. सोबत काय, तर दुर्बिणीचे सुटे भाग. तो जीव वाचवायला पळत नव्हता. त्याला अल्जीरियात जाऊन सूर्यग्रहण बघायचं होतं, जेमतेम दोन मिनिटांचं! तो शत्रूच्या डोक्यावरून उडत गेला, समुद्र ओलांडला, वेळेत पोहोचलाही. आणि नेमकं ग्रहणाच्या वेळी आभाळ ढगांनी भरून आलं.

या माणसाचं नाव पिएर जान्सेन. विज्ञानाच्या पुस्तकात हेलियमच्या धड्यात हे नाव तुम्ही कदाचित एका ओळीत वाचलं असेल, मार्कांपुरतं पाठही केलं असेल. पण त्या एका ओळीमागे जो माणूस होता, तो भन्नाट होता. आणि त्याच्या आयुष्यातला सर्वांत मोठा दिवस उजाडला तो आपल्याच देशात, आंध्रातल्या गुंटूरमध्ये.

शाळेत न गेलेला मुलगा

पिएरचा जन्म २२ फेब्रुवारी १८२४ चा, पॅरिसमधला. वडील संगीतकार. पिएर अगदी लहान असताना त्याला सांभाळणाऱ्या बाईच्या हलगर्जीपणामुळे अपघात झाला आणि त्याचा एक पाय कायमचा अधू झाला. त्यामुळे शाळा अशी झालीच नाही, जे काही शिकला ते घरी. पुढे घरची परिस्थिती खालावली आणि सोळाव्या वर्षी तो बँकेत नोकरीला लागला. तिथे आठेक वर्षं त्याने खर्डेघाशी केली आणि उरलेल्या वेळात अभ्यास.

आपल्याकडच्या बारावीच्या तोडीची परीक्षा पास झाला तेव्हा त्याचं वय होतं २५. गणिताची पदवी मिळाली २८ व्या वर्षी. डॉक्टरेट तर ३६ व्या वर्षी. तुमच्यापैकी कुणी ड्रॉप घेतला असेल, वर्ष वाया गेलं म्हणून घरच्यांची बोलणी खात असेल, तर हे आकडे लक्षात ठेवायला हरकत नाही.

मधल्या काळात १८५७ मध्ये पृथ्वीचं चुंबकीय विषुववृत्त शोधायला जान्सेन थेट पेरूला गेले. तिथल्या जंगलात इतके आजारी पडले, की मोहीम अर्धवट सोडून परतावं लागलं. पायाने अधू, प्रकृती नाजूक, हातात पक्की नोकरी नाही. असा माणूस यापुढे पॅरिसमध्येच शिकवण्या करत बसेल, असं कुणालाही वाटलं असतं.

पण १८५९ च्या सुमारास जर्मनीत किर्खहॉफ आणि बुन्सेन या दोघांनी एक कमाल केली होती. प्रकाश लोलकातून नेला, की त्याचे रंग वेगळे होतात, हे न्यूटनपासून माहीत होतं. या दोघांनी दाखवलं, की तापलेला प्रत्येक वायू त्या रंगांच्या पट्ट्यात ठरावीक जागीच चमकत्या रेषा उमटवतो. सोडियमच्या रेषा पिवळ्या रंगात, हायड्रोजनच्या लाल, निळ्या वगैरे. प्रत्येक मूलद्रव्याचा जणू अंगठ्याचा ठसाच! म्हणजे एखादी वस्तू कोट्यवधी किलोमीटर दूर असली, तरी तिचा नुसता प्रकाश मिळाला, की ती कशाची बनली आहे ते कळणार. हे ज्या यंत्राने बघायचं, ते स्पेक्ट्रोस्कोप. जान्सेन या यंत्राच्या प्रेमातच पडले. घरीच छोटी वेधशाळा थाटली, आल्प्सच्या डोंगरावर यंत्र चढवलं आणि सूर्याच्या प्रकाशात दिसणाऱ्या काही काळ्या रेषा सूर्याच्या नसून आपल्याच हवेतल्या वाफेच्या आहेत, हे सिद्ध केलं. त्यासाठी पॅरिसच्या गॅस कारखान्यात ३७ मीटर लांबीची नळी वाफेने भरून त्यांनी प्रयोग केला होता. एवढा हट्टी माणूस.

गुंटूरची ती सकाळ

खग्रास ग्रहणात चंद्राच्या काळ्या चकतीभोवती लालसर ज्वाळा उसळलेल्या दिसतात. त्यांना प्रॉमिनन्स म्हणतात. त्या सूर्याच्याच आहेत, हे १८६० च्या ग्रहणातल्या फोटोंवरून ठरलं होतं. पण त्या कशाच्या आहेत? वायू, धूर की आणखी काही? हे सांगू शकणारं यंत्र आता हातात होतं. हवं होतं ते एक चांगलं ग्रहण.

ते १८ ऑगस्ट १८६८ ला येणार होतं. चंद्राची सावली अरबी समुद्रावरून कोकणच्या किनाऱ्याला लागणार, विजापूर, गुंटूर, मछलीपट्टणम असा देश ओलांडून बंगालच्या उपसागरात उतरणार होती. ग्रहण नुसतं खग्रास नव्हतं, चांगलं लांबलचक होतं. गुंटूरला सूर्य पाच मिनिटांहून जास्त वेळ झाकला जाणार होता. त्यामुळे युरोपातल्या खगोलशास्त्रज्ञांनी भारताकडे धाव घेतली. आपल्या पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात लेफ्टनंट जॉन हर्शेल तळ ठोकून होते. युरेनस शोधणारे विल्यम हर्शेल हे त्यांचे आजोबा. विजापूरला दुसरं पथक, मछलीपट्टणमला मद्रास वेधशाळेचे पॉगसन, गुंटूरला मेजर टेनंट. आणि गुंटूरलाच जान्सेन.

सुएझ कालवा तेव्हा उघडला नव्हता. फ्रान्समधून निघून, इजिप्त जमिनीवरून ओलांडून, पुन्हा बोट पकडून मद्रासला आणि तिथून गुंटूरला यायचं. सोबत काचेची नाजूक यंत्रं. एवढं करून यायचं कधी, तर ऐन पावसाळ्यात! ऑगस्टमध्ये आभाळ मोकळं मिळेल याची खात्री तुम्ही-आम्ही तरी देऊ का? जान्सेननी नकाशे आणि हवामान बघून घाट आणि किनारा दोन्हींपासून जरा दूर असलेलं गुंटूर निवडलं. एका फ्रेंच व्यापाऱ्याच्या घराच्या वरच्या मजल्यावर यंत्रं मांडली. सहकाऱ्यांची वाटणी झाली, तालमी झाल्या. कारण पाच मिनिटांत चूक दुरुस्त करायला वेळ नसतो.

त्या सकाळी गुंटूरच्या आभाळाने साथ दिली.

तुम्ही खंडग्रास ग्रहण पाहिलं असेल. सूर्याचा चतकोर तुकडा गेला तरी आपल्याला खाली फारसा फरक कळत नाही. ९० टक्के झाकला तरी दिवस तो दिवसच असतो. म्हणून खग्रासची कल्पना त्यावरून करता येत नाही. शेवटच्या काही मिनिटांत उजेड विचित्र होतो, सावल्यांच्या कडा धारदार होतात. हवा गार पडते, पक्षी घरट्याकडे निघतात. मग सूर्याची उरलेली कोर एका ठिपक्यापुरती राहते, हिऱ्याच्या अंगठीसारखी चमकते आणि विझते. सूर्य होता तिथे काळं भोक. त्याभोवती मोत्यासारखा पांढरा, पिसाऱ्यासारखा पसरलेला करोना, म्हणजे प्रभामंडल. दिवसाढवळ्या ग्रह दिसू लागतात. हे काय होणार आहे, कधी होणार आहे, हे सेकंदापर्यंत माहीत असलेल्या माणसाच्याही अंगावर काटा येतो.

पण जान्सेनना डोळे भरून बघायची मुभा नव्हती. त्यांना यंत्राच्या नळीला डोळा लावायचा होता. कडेला दोन मोठ्या ज्वाळा उसळलेल्या होत्या. स्पेक्ट्रोस्कोपची फट त्यांच्यावर आणली आणि त्यांना सलग रंगांचा पट्टा दिसला नाही, तर मोजक्याच झगझगीत रेषा दिसल्या. प्रश्न सुटला. ज्वाळा म्हणजे तापलेला वायू होता, मुख्यतः हायड्रोजन. त्याच सकाळी सावलीच्या वाटेवर बसलेल्या इतरांनीही या रेषा पाहिल्या. जमखंडीत हर्शेलना ढगांनी मधूनमधून चकवलं, पण रेषा त्यांनाही दिसल्या. इथपर्यंत जान्सेन अनेकांपैकी एक होते.

वेगळेपण पुढच्या क्षणात आहे. सूर्य पुन्हा उगवत होता, लोक सुटकेचा श्वास सोडत होते आणि जान्सेनच्या डोक्यात एकच गोष्ट घुमत होती. या रेषा इतक्या ठळक आहेत, की ग्रहण नसतानाही त्या दिसायला हव्यात!

असं का, ते बघा. एरवी ज्वाळा दिसत नाहीत, कारण सूर्याच्या आसपासचं आभाळच प्रचंड उजळलेलं असतं. पण बादलीभर पाणी अंगणात ओतलं, तर ते पसरून नुसती ओल उरते आणि तेच पाणी तीन-चार वाट्यांत ओतलं तर वाट्या काठोकाठ भरतात. स्पेक्ट्रोस्कोप आभाळाचा उजेड सगळ्या रंगांत पसरवून टाकतो, तो फिका पडतो. ज्वाळेचा प्रकाश मात्र मूळचाच तीन-चार रेषांत साठलेला असतो, तो तसाच राहतो.

त्या दुपारी आभाळ भरून आलं. जान्सेनना रात्र काढावी लागली. दुसऱ्या दिवशी, १९ ऑगस्टच्या सकाळी, त्यांनी यंत्राची फट सूर्याच्या कडेवर आणली. रेषा होत्या! चंद्र नव्हता, अंधार नव्हता आणि ज्वाळा दिसत होत्या. हजारो वर्षं माणसाला जे फक्त ग्रहणाच्या मिनिटांतच बघायला मिळालं होतं, ते आता कुठल्याही निरभ्र दिवशी बघता येणार होतं. पुढचे कित्येक दिवस ते रोज हेच ग्रहण बघत राहिले.

दोन पत्रं, एक पदक

इथे त्यांनी एक गंमत केली. शोधाचं सविस्तर पत्र पॅरिसच्या विज्ञान अकादमीला लिहिलं ते महिनाभराने. बोटीने ते पोहोचायला आणखी महिना गेला. तिकडे लंडनमध्ये नॉर्मन लॉकियर नावाचा ३२ वर्षांचा तरुण युद्ध खात्यात कारकुनी करता करता हौसेने सूर्य बघत होता. त्याला हीच कल्पना दोन वर्षं आधी सुचली होती, पण मागवलेलं यंत्र वेळेत मिळालं नव्हतं. ते अखेर ऑक्टोबरमध्ये हातात पडलं आणि २० ऑक्टोबरला त्यालाही ग्रहणाशिवाय ज्वाळांच्या रेषा दिसल्या. दोघांची पत्रं अकादमीपुढे आली २६ ऑक्टोबरला, एकाच बैठकीत, काही मिनिटांच्या अंतराने!

आता भांडण व्हायला काय हरकत होती? पण झालं नाही. श्रेय दोघांना वाटून दिलं गेलं आणि १८७२ मध्ये फ्रेंच सरकारने पदक पाडलं, त्यावर जान्सेन आणि लॉकियर या दोघांचेही चेहरे होते. एक बँकेतला माजी कारकून, दुसरा चालू कारकून. पुढे दोघे आयुष्यभर मित्र राहिले.

मग हेलियम कुठे आला? ज्वाळांच्या रेषांमध्ये एक पिवळी रेषा होती. ग्रहणाच्या दिवशी बहुतेकांनी ती सोडियमची समजून सोडून दिली. लॉकियरनी नीट मोजली, तर ती सोडियमच्या जागेवर बसेना. पृथ्वीवरच्या कुठल्याच माहितीतल्या मूलद्रव्याशी जुळेना. ते सूर्यावरचं नवं मूलद्रव्य असावं असं मानून त्याला नाव पडलं हेलियम. पृथ्वीवर तो १८९५ मध्ये विल्यम रॅम्झी यांना सापडला. म्हणजे तोपर्यंत हेलियमचा पत्ता फक्त सूर्य हाच होता.

जाता जाता कोकणातली एक गोष्ट. विजयदुर्ग किल्ल्यावर 'साहेबाचे कट्टे' आहेत. १८६८ मध्ये लॉकियरनी तिथे उभं राहून हेलियम शोधला, असं तुम्हाला तिथे आवर्जून सांगितलं जाईल. १८ ऑगस्टला किल्ल्यावर हेलियम दिनही साजरा केला जातो. पण १८६८ मध्ये लॉकियर लंडनमध्ये होते. विजयदुर्गला ते आले हे मात्र खरं, पण तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ चं खग्रास ग्रहण बघायला. ब्रिटिश नौदलाचे खलाशी मदतीला घेऊन त्यांनी तिथे यंत्रं मांडली होती. ट्रिपला गेलात, की मित्रांना ही दुरुस्ती जरूर सांगा.

बलून, ढग आणि पुन्हा बलून नको!

आता तुम्हीच विचार करा. ज्वाळा रोज दिसू लागल्या, पदक मिळालं. ग्रहणामागे पळायची आता गरज काय? जान्सेननी घरी बसून यंत्र सुधारत राहायचं. पण २२ डिसेंबर १८७० चं ग्रहण अल्जीरियातल्या ओरानला दिसणार होतं आणि त्यांचा पाय घरात ठरेना.

युद्ध आडवं आलं. इंग्लंडमधल्या शास्त्रज्ञांनी खटपट करून त्यांना वेढ्यातून सुखरूप जाऊ देण्याची सोय केली होती. शत्रूच्या मेहेरबानीने बाहेर पडणं जान्सेनना मान्य नव्हतं. २ डिसेंबरला पहाटे सहाच्या सुमारास 'व्होल्टा' नावाचं बलून पॅरिसच्या रेल्वे स्टेशनच्या आवारातून उडालं. सोबत एक खलाशी. पाचेक तासांत वाऱ्याने त्यांना थेट पश्चिमेकडे, अटलांटिकच्या किनाऱ्याजवळ नेलं. आणखी थोडा वेळ गेला असता, तर खाली समुद्र होता. साव्हेने गावाजवळ ते उतरले आणि पुढे ओरानला पोहोचले.

आणि ढग. तुम्हाला आधीच सांगितलंय. तिथे जमलेल्या इंग्रज पथकाचीही तीच गत झाली. आजूबाजूचा उजेड गेला आणि परत आला, एवढंच काय ते ग्रहण.

या माणसाने मग काय केलं? पुढच्या ग्रहणाची तारीख बघितली. १२ डिसेंबर १८७१. पुन्हा भारत! या वेळी निलगिरीच्या डोंगरातलं शोलूर गाव. आभाळ स्वच्छ मिळालं. आणि इथे कळतं, की ग्रहणाची गरज अजून संपली नव्हती. ज्वाळा रोज दिसू लागल्या होत्या, पण करोना नाही. तो सूर्याच्या तबकडीपेक्षा सुमारे दहा लाख पटींनी फिका. तो बघायचा, तर ग्रहणच हवं. करोना खरंच सूर्याभोवती आहे की नुसता आपल्या हवेचा भास, यावर तेव्हा वाद चालू होता. शोलूरच्या दोन मिनिटांत जान्सेननी त्याच्या प्रकाशात हायड्रोजनच्या रेषा आणि परावर्तित सूर्यप्रकाशाच्या काळ्या रेषा पाहिल्या. करोना खरा होता. त्याच दिवशी लॉकियरही केरळच्या किनाऱ्यावर बेकलच्या किल्ल्यात दुर्बीण लावून बसले होते.

यानंतर जान्सेन थांबलेच नाहीत. १८७४ मध्ये शुक्र सूर्यासमोरून जाताना टिपायला ते जपानमध्ये नागासाकीला गेले. त्यासाठी त्यांनी पिस्तुलासारखं फिरणारं कॅमेऱ्याचं यंत्र बनवलं होतं, जे ७२ सेकंदांत ४८ फोटो काढायचं. सिनेमाचा कॅमेरा ज्या कल्पनांतून आला, त्यातली ही एक. १८७५ मध्ये ग्रहणासाठी सयाम. १८८२ मध्ये पुन्हा शुक्रासाठी प्रवास, आणि कुठे? ज्या गावाने फसवलं होतं त्या ओरानलाच! १८८३ मध्ये ग्रहणासाठी पॅसिफिक महासागरातलं कॅरोलाइन बेट. पॅरिसजवळ म्यूदाँ इथे युद्धात जळालेल्या राजवाड्यात त्यांनी वेधशाळा उभी केली आणि वर्षानुवर्षं सूर्याचे हजारो फोटो घेतले. ६६ व्या वर्षी अधू पायानिशी, वाटाड्यांनी ओढलेल्या घसरगाडीच्या आधाराने ते आल्प्समधल्या माँ ब्लाँच्या शिखरावर पोहोचले. पुढे तिथे, ४,८०० मीटर उंचीवर, बर्फातच वेधशाळाही बांधून घेतली. तिच्या पायाखाली खडक लागलाच नाही. जान्सेन गेल्यानंतर ती बर्फात खचली.

शेवटचं ग्रहण ३० ऑगस्ट १९०५ चं. स्पेनचा किनारा. जान्सेन ८१ वर्षांचे होते. गुंटूरला ३७ वर्षं उलटून गेली होती. तरीही ते गेले. २३ डिसेंबर १९०७ ला म्यूदाँमध्ये त्यांचं निधन झालं.

ग्रहणाशिवाय करोना बघण्याचं यंत्र निघालं ते १९३० च्या सुमारास. ते बनवणारे बर्नार लियो हे जान्सेननी उभारलेल्या त्या म्यूदाँच्या वेधशाळेतलेच. आज तर सूर्यावर चोवीस तास नजर ठेवणारी यानं आहेत. मोबाइलवर हवा तेव्हा करोना बघा. तरीही खग्रास ग्रहण म्हटलं, की जगभरातून शास्त्रज्ञ आणि हौशी मंडळी बॅगा भरून निघतात आणि त्यातले काही जण दर वेळी ढग बघून परततात.

एकाच ठिकाणी खग्रास ग्रहण सरासरी पावणेचारशे वर्षांनी एकदा होतं. त्यामुळे ते आपल्या अंगणात येईल म्हणून वाट बघण्यात अर्थ नाही. भारताला सोयीची तारीख आहे २० मार्च २०३४. तेव्हा चंद्राची सावली भारताच्या अगदी उत्तरेला, काश्मीर-लडाखच्या बाजूने जाईल. महाराष्ट्रातून ते खंडग्रासच दिसेल आणि खंडग्रासवर समाधान मानायचं नाही, हे आता तुम्हाला कळलंय. ग्रहणासाठीचा प्रमाणित चष्मा घ्या, तो सूर्य पूर्ण झाकला जाईपर्यंत डोळ्यांवरून काढू नका. पूर्ण झाकल्यावर मात्र काढा आणि उघड्या डोळ्यांनी बघा. सूर्याची पहिली किरणं परतली, की पुन्हा चढवा.

तेव्हा तुम्ही नोकरीला असाल, रजा मिळायची मारामार असेल, तिकडे आभाळ कसं असेल हे कुणी सांगू शकणार नाही. तरी तारीख आत्ताच टाकून ठेवा मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये. आणि ढग आलेच, तर ओरान आठवा आणि पुढच्या ग्रहणाची तारीख बघा.